बाथरूमची कडी

प्रिय भारत,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "ताई, तू टेन्शन घेऊ नको, मी हाय ना," म्हणतोस आणि ठेवून देतोस. शिवाय इथे हॉलमध्ये फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या वस्तीला ऐकवायचं. म्हणून लिहिते आहे. एकटा बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

गोदावरीचं पाणी उतरलं, पण घराची मागची भिंत गेली. झेंडूचा मळा दसऱ्याच्या तोंडावर गेला. चिखल काढायला अजून कुणी फिरकलेलं नाही. आम्हाला सातपूरच्या ज्या मंगल कार्यालयात आणून ठेवलंय, तिथल्या स्टेजवर कुणाच्या तरी लग्नाची थर्मोकोलची कमान अजून उभी आहे. तिच्याखाली आम्ही बायका-पोरी झोपतो. मदतीला तोटा नाही रे! ब्लँकेटं आली, साड्या आल्या, प्रत्येक साडीबरोबर फोटो काढणारा आला. बायकांना काय हवंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. महिन्याची अडचण आलेल्या पोरी साड्या फाडून भागवतात. बाथरूमला आतून कडी नाही. मी एका साहेबांना म्हटलं, तेवढी बसवा. त्यांनी मान डोलावली आणि आणखी बिस्किटं पाठवली.

मग शेजारच्या सुलाबाई आणि मी आळीपाळीने दाराला पाठ लावून उभ्या राहायला लागलो, आत कुणी ना कुणी अंघोळ करत असायचं. एका सकाळी आम्ही दोघी पाण्याच्या टँकरवर होतो, आणि माझी सृष्टी आत असताना एका माणसाने दार ढकललं. ती एवढ्यांदा किंचाळली की तो पळाला. तुझ्या दाजींनी काय केलं असेल? त्याला शोधलं नाही. सृष्टीच्या मुस्काटात दिली, एकटी कशाला गेलीस म्हणून. सगळ्यांदेखत. आणि मग तुला फोन लावला.

मला वाटलं, तू तरी विचारशील, कोण होता तो हरामखोर? मामा आहेस ना तिचा? तू म्हणालास, "दाजी, पोरीला असं उघड्यावर किती दिस ठेवायचं? उजवून टाकू." आणि संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे रविराजचं स्थळ तयार! सत्तावीस वर्षांचा घोडा, स्वतःची पिकअप, हुंडा नको. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी! चातुर्मासात लग्नं निघत नाहीत म्हणून मला थोडा धीर होता, तर तू गुरुजींना गाठून काढीव मुहूर्त घेऊन आलास. गुरुवारी, तिकडे सिन्नरला, देवळात, चार माणसांत. वर दाजींना म्हणालास, तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. कुणाचं ओझं रे? माझ्या डोक्यावर ती कधीच नव्हती.

साहेबांची वाट बघण्यात अर्थ नाही हे त्या किंकाळीनंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी आणि सुलाबाईंनी दुकानातून कडी आणली, समोरच्या वर्कशॉपमधून ड्रिल मशीन मागून आणलं आणि आम्हीच बसवली. चहाला उकळी येईपर्यंत काम झालं. मी दाजींना नेऊन दाखवली, ओढून दाखवली, म्हटलं, आता भीती गेली ना? ते म्हणाले, "आता भारतने शब्द देला हाय." म्हणजे कडी बसली तरी लग्न उभंच! तेव्हा माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. तुम्हाला पोरीची काळजी नव्हती, तुम्हाला तुमच्या नाकाची काळजी होती.

ती काय करते आहे, ते तरी ऐक. पुरात तिची दहावीची पुस्तकं भिजली. तिने पानं सुटी करून स्टेजवरच्या पंख्याखाली वाळत घातली. गणिताचं पुस्तक पावासारखं फुगलंय, तरी त्यातलीच गणितं सोडवते. रात्री मला विचारते, आई, मामा खरंच असं म्हणाला? मी काय सांगू तिला? माझ्या लग्नात मी तिच्याएवढीच होते. तू केवढासा होतास, वऱ्हाडाच्या जीपपुढे आडवा झोपलास आणि ओरडत होतास, "ताईची शाळा हाय अजून!" सगळे हसले, दादांनी तुला उचलून बाजूला केलं. त्या दिवशी साऱ्या मांडवात माझ्या बाजूचा तू एकटा होतास. तो भारत कुठे गेला, हे मला खरंच कळत नाही, आणि त्याचं मला रडू येतं.

आपल्यात मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचा मान मामाचा. गुरुवारी तो मान तू घेणार, म्हणून हे लिहिलं. काल मी सुलाबाईंच्या मोबाइलवरून १०९८ला, चाइल्डलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, लग्न कोण लावतंय? मी सृष्टीच्या वडिलांचं नाव सांगितलं, रविराजचं सांगितलं, आणि तुझंही सांगितलं, पत्त्यासकट. त्या म्हणाल्या, पोलिसांना कळवतो. दाजींना यातलं काही माहीत नाही. तुला आधी कळवते आहे, कारण तू माझा भाऊ आहेस आणि बुधवारपर्यंत वेळ आहे. स्वतःच्या पायाने रविराजच्या घरी जा आणि लग्न मोडून ये. नाही गेलास, तर गुरुवारी देवळात पोलिस येतील, आणि त्यांना वाट दाखवायला मी त्यांच्याच गाडीत पुढे बसलेली असेन.

तुझीच ताई,
छाया