हाड जुळतंय

४ जून
नव्या हॉस्पिटलातला पहिला दिवस झकास गेला. सी.टी. वाचायला स्वतंत्र खोली मिळाली. खुर्च्या दोन, त्यातली एक करकरते. इथल्या सर्जननी धाकट्याच्या कमरेचे दोन मणके स्क्रू घालून जोडलेत. त्याच्याजवळ राहता यावं म्हणूनच मी ही नोकरी धरली. आता मधल्या फटीत हाड भरलं की सुटलो. धाकट्याची वटवट चालूच. म्हणाला, "ताई, रिपोर्टात लिही, मोडेन पण वाकणार नाही!"

२० जुलै
त्याची फिल्म मीच वाचली. स्क्रूभोवती काळी कडा नाही, म्हणजे सैल झालेले नाहीत. फटीत हाडाचा पांढरा पूल, वरपासून खालपर्यंत सलग. वाकवून काढलेल्या एक्स-रेतही मणके तसूभर हलत नाहीत. रिपोर्टात 'हाड जुळलं' असं लिहिलं. आईला फोन केला तर ती आनंदानं रडायलाच लागली.

९ ऑगस्ट
पाठ आखडते म्हणाला, म्हणून पुन्हा सी.टी. केला. वरचा मणकाही जुळलाय. त्याला तर कुणी हात लावला नव्हता. सर्जन म्हणाले, क्वचित होतं असं. पण माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

१८ ऑगस्ट
बरगड्याही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फिल्ममध्ये फरक दिसतो. हाड इतक्या वेगानं वाढत नाही. वाढूच शकत नाही. सर्जननी हात टेकले. त्याची मान वळत नाही, म्हणून मी समोरच बसून राहते.

२३ ऑगस्ट
जबडा धरला. आई भरवायला गेली, चमचा दातांवर वाजला. तरी ती भरवतच राहिली — ओघळ पुसत. दातांतून त्यानं मला विचारलं, काय दिसतंय. मी 'सुधारणा आहे' म्हणाले. त्याला कळलं.

२४ ऑगस्ट
बोलणं बंद. श्वास वरवरचा. बोटं तेवढी हलतात — माझा हात घट्ट धरून आहे —

२५ ऑगस्ट
डाव्या हातानं लिहितेय. उजवा सुटत नाही. तसाच एक्स-रे काढला. त्याची बोटं, माझी बोटं, मधे पांढरा पूल — सलग —
सर्जन म्हणतात, आत्ताच कापू या, तुम्ही तरी वाचाल. धाकटा डोळ्यांनी हो म्हणतोय. पुन्हा पुन्हा. मी नाही म्हटलं. लहानपणी रस्त्यात हात सोडून पळायचा, मी मागून ओरडत — आता कसा —
आई दार वाजवतेय. तिला आत येऊ देऊ नका, मी सर्जनना म्हणाले. ती आली की पहिल्यांदा त्याचा दुसरा हात ध