नाल्यापलीकडची नऊ रिंगणं

पिंपळझरी, ता. समुद्रपूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस अण्णांचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र पोचलं. कानातलं यंत्र फोनवर नुसतं घूं घूं करतं, तेव्हा आपलं हे पोस्टमनवर चाललेलंच बरं. कपाशीची पहिली वेचणी सुरू आहे. बायका मिळत नाहीत, म्हणून तुझी आई स्वतः ओटी बांधून वावरात उतरते आणि मग गुडघ्याला तेल चोळत माझ्यावर चिडते.

पत्राचं कारण वेगळं आहे. काल टिकाराम आला होता. उन्हाळ्यात तुमच्या खाणीनं त्याच्या शेजारच्या भागाखालचा कोळसा काढला. आता त्याच्या तुरीत वीतभर रुंद भेग पडली आहे. त्याची भागाबाई सांगते, खाली सुरुंग वाजला की तिची फळीवरची भांडी हलतात. ग्रामपंचायतीत नवा नकाशा लावलाय. खाणीच्या छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे पिलर आता आपल्या शिवाराखालचेही काढणार, फक्त जुन्या गोट्यांच्या रिंगणांखालचे राखणार, असं त्यावर आहे.

नकाशात रिंगणं चौदा. पोरी, तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची ही थडगी तेवीस आहेत. नऊ नाल्यापलीकडे, टिकारामच्या वावरात. लहानपणी तिथल्या गोट्यांवर बसून तू बोरं खाल्लीस. नकाशाच्या कोपऱ्यात सही तुझी आहे. कोणी दबाव आणून घेतली काय, एवढं खरं कळव.

आई म्हणते, वेळेवर जेवत जाजो.

तुझा काळजीत पडलेला,
अण्णा


नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस मोहिनीचा सा. न.

दबाव कोणी आणला नाही. नकाशा मीच केला.

मेमध्ये मी मोजणीला आले होते तो दिवस आठवा. सकाळी अलीकडची चौदा मोजली. दुपारी नाला ओलांडायचा होता. घरी आले, आईनं आमरस वाढला, तुम्ही म्हणालात ऊन उतरू दे, आणि मी उठले तेव्हा पाच वाजले होते. गाडी परत निघायची होती. ऑफिसात जुनी यादी पाहिली, तिच्यातही चौदाच. पलीकडे गोटे आहेत हे मला आठवत होतं, अण्णा. यादीत नाहीत म्हणजे साधेच असतील, असं मनाला समजावलं आणि सही केली.

काम दोन डिसेंबरला सुरू होईल, तेही टिकारामकाकांच्या वावराखालूनच. मला नोकरीत कायम व्हायला मार्च उजाडेल. आता चूक सांगितली तर ती राहते की नाही, कोण जाणे. मला आठ दिवस द्या. तोवर कोणाकडे बोलू नका. जमलं तर त्या नऊंची मापं पाठवा.

आईला यातलं काही सांगू नका. माया असू द्या.

मोहिनी


पिंपळझरी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस आशीर्वाद.

मापं सोबत आहेत. टिकारामनं दोरीचं एक टोक धरलं, भागाबाईनं दुसरं, मी लिहीत गेलो. दोन दिवस लागले. दक्षिणेकडच्या शेवटच्या रिंगणाचे तीन गोटे थोडे कलले आहेत, तेही लिहिलंय.

तू बोलू नका म्हणालीस, पण टिकारामपाशी मला खोटं वागता आलं नाही. वावर त्याचं. त्याचे वाडवडील पेरणीआधी त्याच गोट्यांना हात जोडत आले. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पोरगी चुकली, तं तिलेच सांगू द्या, गुरुजी. आपण थांबू. पण जमीन थांबन काय?"

त्या दुपारी तुला झोपू दिलं ते मीच. म्हणून तुझे आठ दिवस मी पाळतो. नवव्या दिवशी मात्र ही मापं घेऊन मी समुद्रपूरच्या तहसीलात जाईन, आणि अर्जात तुझं नाव येईल. ते माझ्या हातानं लिहायला लावू नकोस.

तुझ्या आईनं सगळं ओळखलं आहे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
अण्णा


नागपूर
२९ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. सोमवारी सकाळी मापं आणि माझा कबुलीचा कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं की हे कधीपासून माहीत होतं. मी तारीख सांगितली. त्याच पाळीत त्यांनी काम थांबवायला लावलं.

थांबवायला, कारण काम सुरू झालं होतं. मशीन लवकर मोकळं झालं म्हणून शुक्रवारीच पिलरची पहिली रांग काढायला घेतली होती, आणि मला कोणी कळवलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. दक्षिणेच्या शेवटच्या रिंगणाखालचे पिलर गेले आहेत. छत तडतड वाजत होतं. आत आता कोणालाच पाठवता येत नाही. ते रिंगण खचणार. बाकी आठांखालचे पिलर राखण्याचा हुकूम निघाला आहे.

तुमचं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी बोलले असते, तर नऊच्या नऊ वाचली असती. चौकशी बसली आहे. मोजणीवरून काढून मला जुन्या कागदांच्या टेबलावर बसवलंय. त्याचं दुःख नाही. टिकारामकाकांना काय सांगू, तेवढं कळत नाही.

राग धरा, पण पत्र पाठवा.

मोहिनी


पिंपळझरी
२० डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस अण्णांचे व आईचे आशीर्वाद.

ते रिंगण सोमवारी सकाळी बसलं. आधी अकरा दिवस पुरातत्त्व खात्याची उत्खननाची मंडळी येऊन गेली. दोन मडकी, एक लोखंडी कुऱ्हाड आणि हाडं निघाली. प्रत्येक गोट्याला नंबर देऊन चित्र काढलं. मग दोरी बांधून आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. आवाज असा झाला नाही. जमीन कमरेइतकी खाली गेली आणि गोटे आत झुकले. भागाबाईनं दोरीबाहेरूनच मूठभर तांदूळ टाकले.

तुझं पत्र मी टिकारामला वाचून दाखवलं. तो म्हणाला की एक गेलं ते तिच्यामुळे, आठ राहिली तीही तिच्यामुळे. दोन्ही तिनं ध्यानात ठेवावं. मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं. आठ दिवस थांबायला मीही कबूल झालो होतो, तेव्हा ते मलाही लागू आहे.

मी आणि तो आता रोज सकाळी टेप घेऊन नाला ओलांडतो. जमीन सरकली तर कळावं म्हणून उरलेल्या प्रत्येक रिंगणाजवळ खुंटी ठोकली आहे. काल आठही जागच्या जागी होती. आज धुकं दाट आहे. टिकाराम फाटकाशी येऊन उभा आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
अण्णा