मी दिला नाही तो निरोप

गुरुजी, तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही. राणीसावरगावच्या बाया डोळ्याला पदर लावून तुमच्या अंगणात बसल्या होत्या, मी मात्र घरी येऊन पोटभर जेवले. सहा वर्षं झाली, त्या जेवणाची मला अजून लाज वाटत नाही.

अक्षर तुम्हीच शिकवलंत, म्हणून त्याच अक्षरात सांगते. दिवाळी झाली की आम्ही नवरा-बायको ऊस तोडायला निघायचो. लेक सात वर्षांची असताना तुम्ही ट्रॅक्टरपाशी आलात, तिचा हात माझ्या हातातून सोडवलात आणि चारचौघांत म्हणालात, "संगं नेऊन पोरीचं वाटुळं करायलीस तू. राहू दे माझ्या घरी." चैत्रात परत आले तर ती तुमच्या घरच्या काकूंच्या पदराआड लपतेय. माझे हात टोचतात म्हणतेय. तुम्ही हसलात. दरवर्षी असं करत करत ती तुमचीच झाली. शिकली, बंगळुरूला नोकरीला लागली. गावी आली की बॅग तुमच्या ओसरीवर, आणि माझ्याकडे एका वेळचं जेवण, पाहुण्यासारखं.

मग तुम्ही आजारी पडलात आणि माझ्या दारात आलात. "पोरीला एकदा येऊन जा म्हण," म्हणालात. "फोनवर मी बरा हाय म्हणतो तिला. मी बोलावलं तर घाबरंल. तू सहज सांग." जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे काही मागत होतात. मी हो म्हणाले आणि सांगितलं नाही. तीन आठवडे तिच्याशी म्हशीचं बोलले, सोयाबीनचं बोलले, तुमचं अवाक्षर काढलं नाही. दारात चप्पल वाजली की तुम्ही मान उचलून बघायचात, असं काकूंनी दहाव्याला सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. लेकराची वाट बघणं काय असतं ते तुम्हालाही कळू दे, असं मनात आलं. लेकीनं विचारलं, "आई, तुला माहीत होतं का?" मी नाही म्हणाले.

तेराव्यानंतर ती काकूंना बंगळुरूला घेऊन गेली. तुमच्या घराला कुलूप आहे. मी ये म्हणते, ती बघते म्हणते. ती गावी यायची ती तुमच्या घरी, मी फक्त वाटेवर होते, हे मला फार उशिरा कळलं. हा कागद मी कुणालाच देणार नाही, आणि तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही. पण गुरुजी, आज तुम्ही असता तर मीच तुमच्याकडे आले असते, पोरीला एकदा बोलवा म्हणायला.