मल्लव्वाची दाढ

अहमदपूर, शुक्रवार, संध्याकाळ

मल्लव्वाचा सुजलेला गाल डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी ती टँकरच्या रांगेत घागर ठेवून गाल धरून बसली होती. मी तिला नीट समजावलं. आपला जिल्हा आता लातूर झालाय, उस्मानाबादेला जायचं काम नाही, लातूरच्या सरकारी दवाखान्यात दाढ फुकट काढतात. तो तुझा हक्क आहे, असंही म्हणाले. ती म्हणाली, "फुकट काढत्यात, मंजी दाढ सरकार ठिवून घेतंय व्हय?"

मी हसले. ती हसली नाही.

"आमच्यात जाळत न्हाईत, नर्सबाई. बसवून पुरत्यात. जाताना समदं संगं पायजे. दाढ देत असतील तर येते, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

आता काय सांगू तिला? हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. डॉक्टरांना विचारलं तर तेही हसतील, मी हसले तसेच. आणि ही तो गाल घेऊन भाकरी पाण्यात भिजवून गिळत राहणार. पण खरंच, काढलेली दाढ कुणाची असते? गेल्या वर्षी माझी काढली, तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही. मघापासून जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडे जातेय.