पाण्यापासून अकरा पावलं

३ डिसेंबर, बुधवार
वरच्या मजल्यावरच्या बालाजीरावांचा फोटो पेपरात आलाय. मोठ्या पेपरात नव्हे, आपल्या एरियात फुकट वाटतात त्यात. तिरुवान्मियूरच्या बीचवर मेटल डिटेक्टर फिरवताना त्यांना सोन्याची अंगठी सापडली, आत एका बाईचं नाव कोरलेलं होतं, त्यांनी ती बाई शोधून परत केली. बस. यात फोटो छापण्यासारखं काय आहे? मी गेल्या वर्षी कंपनीत एका ब्रॅकेटचं रिजेक्शन निम्म्यावर आणलं. कुणी मोबाइलसुद्धा वर केला नाही.

रत्नप्रभाने कात्रण फ्रिजवर लावलं. आमच्या फ्रिजवर. बातमी तमिळमध्ये आहे, तिला वाचताही येत नाही.

मला मत्सर वगैरे वाटत नाही. आवडी गावातल्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, वेळ जात नाही, वाळू उकरतो. उकरू दे.

४ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. रत्नप्रभाने घट मांडला. कलशात नेहमीप्रमाणे राणीछाप रुपया टाकला. लग्नात सूनमुख बघताना माझ्या आईने तिच्या हातावर ठेवलेला. आता आई नाही, म्हणून हिला त्याचं फार. देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवते, मलाही हात लावू देत नाही.

हळदीकुंकवाला बालाजीरावांच्या कृष्णवेणीबाई आल्या होत्या. मंडळी मूळची तंजावरची, त्यांचं मराठी मला अर्धंच कळतं. अस्के दिवस वाळूंतच जातात हो यांचे, म्हणाल्या. अस्के म्हणजे सगळे. तक्रार होती, पण चेहरा कसा फुलला होता! रत्नप्रभा माझ्याबद्दल अशी तक्रार कधी करत नाही.

डिटेक्टर ऑर्डर केला. बालाजीरावांच्यापेक्षा वरचं मॉडेल. छंद म्हणून. व्यायामही होईल.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.००
पहिला दिवस. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं १४, छत्रीची काडी १, गंजलेली किल्ली १. ओल्या वाळूत मशीन सारखं किंचाळतं. दुर्वांचा रस विकणारी बाई कानांवर हात ठेवून बसली होती.

बालाजीराव मुद्दाम चालत आले आणि म्हणाले, खाऱ्या पाण्यानं होतंय तसं, सेन्सिटिव्हिटी उतरवा. मी म्हटलं, मी मुद्दामच चढवून ठेवलीय. परवाइल्लै, म्हणाले. म्हणजे असू दे. असू दे काय? मी काय माफी मागितली होती?

त्यांना एक चांदीचं पैंजण मिळालं. त्यांचा वाळूचा पट्टा चांगला आहे. माझ्या वाट्याला भिकार पट्टा आला.

९ डिसेंबर, मंगळवार
आजपासून रोज पाचला उठायचं, कंपनीची बस यायच्या आत एक तास बीच. उठलो नाही. ढग होते.

१० डिसेंबर, बुधवार
ढग नव्हते. पण काल न गेल्यामुळे लय तुटली होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रत्नप्रभा म्हणाली, बालाजीरावांबरोबर जात जा की, शिकवतील. शिकवतील!! मी ताट अर्धं सोडून उठलो. तिने झाकून ठेवलं. नंतर जेवलो, पण थंडपणे.

विचार केला. कंपनीत मापं घ्यायचं गेज तपासताना आम्ही आधी माहितीतला एक तुकडा त्यात घालून बघतो. मास्टर सॅम्पल. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मग माहितीतलं एखादं नाणं वाळूत ठेवून मशीन तपासलं तर बिघडलं कुठे? आणि ते सापडताना चार लोक हजर असले, तर तो योगायोग.

दहाच्या नाण्याला कुणी विचारणार नाही. जुनं, वजनदार, चांदीचं हवं. घरात तसं एकच आहे. तासाभराचा प्रश्न. पुढचा गुरुवार अठराला, शेवटचा, उद्यापनाचा. तोपर्यंत ती डबी उघडत नाही.

१४ डिसेंबर, रविवार. पहाटे ५.४०
राणीछाप पुरला. खोली एक वीत. मोजमाप पक्कं: लाइफगार्डच्या खुर्चीसमोर, पाण्याच्या कडेपासून अकरा पावलं. दोनदा मोजलं. शिस्त म्हणजे शिस्त. घरी येऊन चहा. रत्नप्रभाला म्हटलं, आज तूही चल. तिला नवल वाटलं. मी म्हटलं, सहज.

त्याच दिवशी, ११.१५
सात वाजता खुर्चीसमोर उभा राहिलो. पाण्यापासून अकरा पावलं मोजली. मशीन चालवलं. काही नाही.

समुद्र हलतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे मला माहीत होतं, पण आमच्या सोलापुरात याची कधी गरज पडली नाही. पहाटेची कड कुठली आणि सातची कुठली! नऊ पावलं केली, पंधरा केली, वीस केली. झाकणं ६, बिस्किटाचा चकचकीत कागद ३. रत्नप्रभा आणि बालाजीराव दुरून बघत होते, मध्येच काहीतरी बोलत होते. काय एवढं बोलायचं असतं? माझ्याशी दोन वाक्यांपुढे तिचा विषय जात नाही.

साडेनऊपर्यंत ती थांबली. काय शोधताय एवढं, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, विशेष काही नाही, मशीन तपासतोय.

१५ डिसेंबर, सोमवार
पाचला उठलो. गेलो. नाही.
नाश्त्याला रत्नप्रभाने विचारलं, काही सांगायचंय का? मी म्हटलं, उपमा छान झालाय.

१६ डिसेंबर, मंगळवार
पुन्हा नाही. गुडघा धरला. डबी जागेवर आहे, रिकामी. रत्नप्रभा देव्हाऱ्याजवळ गेली की मी तिला काहीतरी काम सांगतो. आज पुन्हा विचारलं, काही हरवलंय का तुमचं? प्रेमाने विचारलं. म्हणूनच सांगता आलं नाही. आईचा रुपया मी एका म्हाताऱ्यावर छाप पाडायला वाळूत घातला, हे प्रेमाने विचारणाऱ्या बाईला कसं सांगायचं?

१७ डिसेंबर, बुधवार
शेवटी जिन्यात बालाजीरावांना गाठलं. सगळं सांगितलं. मास्टर सॅम्पलचंही सांगितलं. म्हटलं, तुमचं मशीन घेऊन चला, पाया पडतो.

ते म्हणाले, मी येऊन काही होणार नाही. तुम्ही घरांत जाऊन बाईसाहेबांना सांगा, आजच सांगा.

याचा अर्थ उघड आहे. त्यांनाही सापडणार नाही! पेपरात फोटो येऊनसुद्धा! खरं लिहायचं तर क्षणभर बरं वाटलं. दोन जिने एका दमात चढलो.

रत्नप्रभाला सांगितलं नाही. उद्या पहाटे कलशात दहाचं नाणं टाकेन, वर पाणी, वर नारळ. कोण बघतंय आत?

१८ डिसेंबर, गुरुवार
पहाटे देवघरात गेलो तर ती आधीच बसलेली. घट मांडून झाला होता, फक्त वर नारळ ठेवायचा होता. तिच्या तळहातावर राणीछाप.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे सांगितलं. रविवारी बालाजीराव नेहमीसारखे पहाटे बीचवर होते. मी काहीतरी पुरून गेलो हे त्यांनी पाहिलं. भरती चढत होती, नाणं जाईल म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं, आणि सात वाजता आम्ही पोचल्यावर तिच्याकडे दिलं. मी अकरा पावलं मोजत होतो तेव्हा रुपया तिच्या पर्समध्ये होता. मला सांगायला ते निघालेच होते, हिने थांबवलं. म्हणाली, हे स्वतःच येऊन सांगतील.

तिने रुपया कलशात सोडला. टण्ण आवाज आला. मग म्हणाली, सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं. तुम्ही त्यांना जाऊन सांगितलंत, मला नाही.

मी विचारलं, बालाजीरावांनी हे सगळं कृष्णवेणीबाईंना सांगितलं असेल का?

ती म्हणाली, हो, त्याच दिवशी. ते त्यांना सगळंच सांगतात.

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा खरा हेवा वाटला. आणि रत्नप्रभाला कृष्णवेणीबाईंचा वाटतो, आजचा नव्हे, फार दिवसांपासूनचा, हेही तिच्याकडे बघून कळलं.