अध्यक्षांनी हो म्हटलं होतं

रवि. २२ ऑगस्ट २०२१, बाडहूव्हडॉर्प, नेदरलँड्स

कॅनडावाला येत नाही. 'पुन्हा क्वारंटाइन नको' एवढंच कळवलंय. दोन हिवाळे इथे येऊन आमचं खाल्लं-प्यायलं, आणि निरोप दीड ओळीचा.

म्हणजे लेकीच्या, ऋचाच्या स्की क्लबात फ्रीस्टाइलच्या पोरांना ऑक्टोबरपासून कोच नाही. गेल्या सीझनला कोविडमुळे बर्फाचा हॉल बंद, या सीझनला मास्तर गायब. उड्या, गिरक्या, लोखंडी पाइपावरून घसरणं, हे यूट्यूब बघून शिकवत नाहीत. मान मोडेल कुणाची तरी.

कमिटीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं काम तिथे बस ठरवणं आणि सूप गरम ठेवणं. पण 'सतीश, तू पोलंडहून ट्रक-ड्रायव्हर आणतोसच की!' जसं काही ड्रायव्हर आणि उलट्या उड्या मारणारा माणूस एकाच दुकानात मिळतो. हसलो. शोधतो म्हणालो.

मंगळ. ३१ ऑगस्ट

सापडला. खरं म्हणजे ऋने शोधला. चमन, मूळचा मनालीकडचा, सहा-सात वर्षं आखातातल्या एका मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये फ्रीस्टाइल शिकवतो. व्हिडिओ कॉलवर बोललो. मागे पोरांचा गलका, हा मधेच आमचं बोलणं तोडून कुणावर तरी ओरडला, 'नीचे मत देख, नीचे तो जाना ही है!' मला माणूस तिथेच पटला.

डोंगरातले कोच आमच्या हॉलमध्ये येऊन नाक मुरडतात: उतार आखूड, छत खाली. याचं आयुष्य तसल्याच हॉलमध्ये गेलंय. आणखी काय हवं? युरोपातल्या जाहिरातीला आलेले दोघं फक्त शनिवार-रविवार मागत होते.

ऋ. म्हणाली, 'Papa, hij is echt goed.' खरंच चांगला आहे तो. ती डचमध्ये बोलली म्हणजे मनापासून बोलली.

रवि. ५ सप्टेंबर

वाउटरला घरी गाठलं. आमच्या क्लबचा अध्यक्ष, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, शब्दाला वजन. बागेत बसवलं, कॉफी दिली, बिस्किटाचा डबा उघडून एक दिलं आणि झाकण लावलं. चालायचंच.

चमनचे व्हिडिओ दाखवले. डोळे चमकले त्याचे. 'सुंदर! माझ्याकडून हो.' हात मिळवायची सोय नाही, कोपर टेकवलं.

मीटिंगांमध्ये तोंड वाजवत बसणारे बसू देत. वर बसलेल्याला आधी गाठायचं, त्याचा होकार घ्यायचा, मग खालचे आपोआप. मिरजेत बापाचं रॉकेलचं दुकान याच हिशोबाने चाललं, आणि स्किपोल विमानतळाच्या गोदामात पेट्या उचलणारा मी आज स्वतःच्या ट्रकवर नाव लावून आहे तो काही उगाच नाही.

गाडीतूनच चमनला फोन. 'अध्यक्षांनी हो म्हटलंय. तयारीला लाग.' तो एवढा खूश की हिमाचलीत काहीतरी बोलत सुटला. मला शून्य कळलं, तरी छान वाटलं.

मंगळ. १४ सप्टेंबर

हरामखोरपणा. दुसरा शब्द नाही.

कमिटीच्या कागदावर माझा विषय: 'कोच, कल्पना मांडणे'. कल्पना! मी म्हटलं, कल्पना कसली, माणूस पक्का आहे. इनेका (मुलांचं ट्रेनिंग आणि सुरक्षा बघते, फिजिओ आहे, बुधवारी स्वतः उतारावर उभी असते) चष्म्यावरून बघत म्हणाली, 'पक्का कुणी केला?'

मी वाउटरकडे पाहिलं. वाउटरने कपात पाहिलं.

'मी म्हणालो होतो, माझ्याकडून हो,' तो म्हणाला. 'म्हणजे माझं मत. निर्णय कमिटीचा.' अगदी प्रेमाने म्हणाला, पोराला गणिताची पायरी चुकल्याचं सांगावं तसा. बाकीचे माना डोलावतायत. आठ माणसं, आठ मतं, आणि अध्यक्षाचं मत फक्त त्यातलं एक! मग अध्यक्ष कशाला? घंटी वाजवायला?

वरून खजिनदार विचारतो, त्याला डच येतं का. मी म्हटलं, कॅनडावाल्याला दोन हिवाळ्यांत एकच डच शब्द येत होता, बियर मागायचा. तेव्हा का नाही विचारलंत? एकदम सगळ्यांना कॉफी घ्यायची आठवण झाली.

घरी आलो तर चमनचा फोटो. केक कापतोय, भोवती सहकारी, सगळ्यांचे मास्क हनुवटीला. खाली: 'इस्तीफा दे दिया भाईजी।'

जेवलो नाही.

बुध. १५ सप्टेंबर

बायको, माधुरी: 'आज सांगा त्याला.'
मी: 'आधी इथलं जुळवतो, मग...'
माधुरी: 'अहो, बुकिंग हातात आल्याशिवाय तुम्ही रिकामा ट्रक गेटबाहेर काढत नाही. आणि एका माणसाची चालती नोकरी काढलीत.'

बरोबर होतं, म्हणून भांडलो.

शुक्र. १७ सप्टेंबर

सांगितलं चमनला. वाटलं होतं शिव्या देईल. तो म्हणाला, 'पर भाईजी, प्रधान जी तो मान गए थे ना?'

त्यालाही तेच वाटलेलं! त्याच्या गावातही प्रधान, म्हणजे आपला सरपंच, हो म्हणाला की रस्ता होतो. मी त्याला फसवलं म्हणावं तर दोघंही एकाच समजुतीवर उडी मारून बसलेलो. फरक इतकाच की मी खाली गादीवर पडलो.

राजीनामा मागे घेता येतो का विचारलं. त्याच्या जागी माणूस नेमूनही झाला. आखातात नोकरी गेली की व्हिसा गेला, थोडे दिवस मिळतात, मग विमान. 'आप फिर से बात करो,' म्हणाला. बायकोला सांगितलं नाहीये त्याने अजून. तिला वाटतंय तो युरोपला चाललाय.

शनि. २ ऑक्टोबर

हॉलवर. काचेमागे कॉफी घेऊन उभा होतो, पुढे दोन बापलोक. त्यांना वाटलं असणार, हा काळा माणूस सफाईच्या पाळीचा. (तसं असतं तरी? मीही केलीय सफाई.)

एक: 'वाळवंटातून भारतीय आणतायत म्हणे. बर्फ शिकवायला.'
दुसरा: 'खाली करीचा स्टॉल लागेल आता.'
खी खी खी.

वीस वर्षांत कान पक्के झालेत, कुजबुजीतलं डचही सुटत नाही. पुढे झालो, त्यांच्याच भाषेत म्हटलं, 'स्टॉलची कल्पना चांगली आहे, खाली गारठा असतो. बाय द वे, निळ्या हेल्मेटचा तुमचाच ना? उडीच्या आधी डोळे मिटतो. कुणीतरी शिकवायला हवं त्याला.' आणि हसलो. हसणं हे माझं भांडवल आहे, त्यावरच धंदा उभा केला. पण गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर बुक्की मारली, हॉर्न वाजला, पार्किंगमधली एक म्हातारी दचकली. उतरून तिची माफी मागितली. म्हणजे शेवटी माफीही मीच मागितली.

मंगळ. ५ ऑक्टोबर

इनेकाकडे गेलो. जाब विचारायला. दारातच म्हणाली, 'तू वाउटरच्या बागेत गेलास. माझ्याकडे आला नाहीस. पोर पडलं तर बर्फावर धावत कोण जाणार, वाउटर?'

राग घेऊन गेलो होतो, तो कुठे ठेवावा कळेना. बाई चूक बोलत नव्हती. हेच तर जास्त लागलं.

तिची अट: पोरांचे व्हिडिओ चमनला पाठवायचे, त्याने कॉलवर शिकवायचं, ती बघणार. मग बोलू. भारतीय, वाळवंट, डच, एक अक्षर तिने काढलं नाही.

गुरु. २१ ऑक्टोबर

चमन मनालीला परतला, व्हिसा संपला. तिथून रोज संध्याकाळी कॉल. आज इनेका आणि तो कडाकडा भांडले. तो म्हणतो मागे वळायची उडी आता सुरू करा, ती म्हणते अजून महिनाभर गादीवर. दोघांचं इंग्रजी असं की मी मधे दुभाषा. इंग्रजीतून इंग्रजीत! शेवटी तो म्हणाला, 'ओके मॅडम, गादी.' फोन ठेवल्यावर इनेका म्हणाली, 'हा चालेल. वाद घालतो आणि ऐकतोही.'

मंगळ. २ नोव्हें.

यावेळी मीटिंगच्या आधी माझं सोडून सातही घरं फिरलो. सात कॉफ्या, सात बिस्किटं. ॲसिडिटी. पण ठराव पास. खजिनदाराने 'डच शिकेल ना?' एवढं म्हणून हात वर केला.

वकीलबाईंनी परमिटचा अर्ज टाकला. चमनला कळवलं, पण 'पक्का' शब्द तोंडातून काढला नाही. त्याने तो स्वतःच काढला. त्याच्याकडच्या स्की-संस्थेत हिवाळ्याच्या बॅचेसना शिकवायला बोलावत होते, त्यांना नाही म्हणून आला.

'अरे, थांबायचं ना!' ओरडलो.
'इस बार तो सबने हाँ कहा है, भाईजी।'

रवि. २८ नोव्हें.

आजपासून संध्याकाळी पाचला सगळं बंद. हॉलसुद्धा. शाळा सुटून पोरं तिथे पोचेपर्यंत कुलूप. टीव्हीसमोर उभा राहून मंत्र्याला मराठीतून शिव्या दिल्या. ऋ. हसत होती, तिला सगळ्या समजतात असं आज कळलं.

गुरु. १६ डिसें.

परमिट आलं! आता व्हिसाचा शिक्का, मग तिकीट. चमनने बायकोला फोनवर आणलं. ती लाजून म्हणाली, 'वहाँ ठंड बहुत है क्या?' मनालीची बाई मला थंडी विचारते.

शनि. १८ डिसें.

लॉकडाऊन. उद्यापासून हॉल पूर्ण बंद. किमान जानेवारीच्या मध्यापर्यंत.

सोम. २० डिसें.

ऑनलाइन मीटिंग. वाउटर: 'सगळ्यांच्या हिताचं, पुढच्या सीझनवर ढकलू.' मी म्हटलं, हॉलचा बर्फ मशीन लावून ठेवता येतो, माणूस ठेवता येत नाही. तो घरी बसून काय खाणार, तुमचा ठराव? वाउटर म्हणाला, 'सतीश, शांत हो.' मी शांतच होतो. चढलेला आवाज हा माझा शांत आवाज आहे, त्यांना कुणीतरी सांगा.

इनेका म्हणाली, येऊ दे त्याला, अठराच्या खालच्या पोरांना बाहेर खेळायची मुभा आहे, बाहेर शिकवू. तीन तिकडे, तीन इकडे, खजिनदाराला 'विचार करायला वेळ हवा', आणि वाउटरने हात वरच केला नाही. निर्णय नाही. वेळ संपली म्हणून सगळ्यांनी हात हलवून टाटा केला, बालवाडीसारखा.

मंगळ. २१ डिसें.

ऋने आणि पोरांनी कालव्याकाठच्या बांधाच्या उतारावर जुना गालिचा अंथरला, घसरावं म्हणून पाणी मारलं, वर प्लॅस्टिकचा पाइप ठेवला. इनेका हेल्मेटं तपासत होती. फोन माझ्या हातात, फोनमध्ये चमन, मागे खरा बर्फ, टोपीवर, खांद्यावर. ओरडतोय, 'घुटना! घुटना!' निळ्या हेल्मेटवाला पडला, उठला, पुन्हा गेला. सगळी चिखलात, सगळी खूश.

दमून पोरं थांबली तेव्हा चमनने आवाज खाली आणला. 'भाईजी, वो संस्था वाले आज फिर पूछ रहे थे। शाम तक बताना है। कमेटी ने कल क्या कहा?'

इनेका माझ्याकडे बघत होती. हिंदी कळत नाही तिला, तरी बघत होती.

'हॅलो? आवाज तुटतोय,' मी म्हटलं. 'नेटवर्क नहीं है।' आणि कट केला.

नेटवर्क एकदम व्यवस्थित होतं.