हाक समद्यांची

मंगळवार, संध्याकाळ. दिंद्रुड.

आज पुतणी मनीषानं तोंडावर विचारलं, "काका, मी चोर हाय का?" मी, भाषणं ठोकणारा माणूस, नुसताच चष्मा पुसत बसलो.

मनीषानं गावच्या दूध संकलन केंद्रासाठी नवं सॉफ्टवेअर लिहिलं. आतली ओळ अन् ओळ तिची. बटणं मात्र जुन्या सॉफ्टवेअरसारखीच ठेवली, त्याच जागी, त्याच कामाला. आता जुन्या कंपनीची नोटीस आली, की ही मांडणी आमची आहे. तिचं सॉफ्टवेअर ठेवायचं की काढायचं, ते उद्या केंद्राच्या बैठकीत ठरेल. तिच्या बाजूनं बोलायचं मी.

पण कंपनीचंही थोडं पटतं. कुणीतरी डोकं लावूनच ती बटणं मांडली असतील. माझं भाषण एकानं शब्दन् शब्द उचललं तेव्हा मी किती पेटलो होतो. मग आता?

मनीषाला घेऊन केंद्रावर जाऊन बसलो. तिथं दूध मोजणाऱ्या सिंधूताई नव्या सॉफ्टवेअरवरही न बघताच बटणं दाबत होत्या, तोंडानं गप्पा चालूच. नोटिशीचं सांगितलं तर हसल्या. "भाऊ, नवा बैल आणला म्हणून हाक बदलतो का आपण? बैल ज्याचा त्याचा. हाक समद्यांची."

"म्हंजे माझं सॉफ्टवेअर बैल, मावशी?" मनीषा म्हणाली.

"गुणी हाय. मारत न्हाई."

नोटीस आल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली.

इतकी पुस्तकं वाचून हे मला सुचलं नाही. त्या बटणांवर हक्क सांगणं म्हणजे सिंधूताईंच्या बोटांवर हक्क सांगणं. मनीषा चोर नाही. उद्या ठणकावून सांगणार.

बैलाचं वाक्य मात्र सिंधूताईंचं नाव घेऊनच. ते त्यांचं आहे.